पीएमपीची तयारी : कोकणातील वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल’ म्हणजे पीएमपी या परीक्षेविषयी रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. अमेरिकेत १९६९ साली स्थापन झालेली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, म्हणजे पीएमआय, १९८४ पासून ही परीक्षा घेत आली आहे. खालील उत्तरांतील आकडे जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या रूपरेषेचे आहेत. संस्था दर काही वर्षांनी ही रूपरेषा बदलते आणि जुलै २०२६ पासूनची नवी रूपरेषा तिने जाहीर केली आहे; म्हणून अर्ज भरण्यापूर्वी आपल्या परीक्षेच्या तारखेला लागू असलेली रूपरेषा आणि उमेदवारांची हस्तपुस्तिका संस्थेच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी. दोन्ही विनामूल्य मिळतात.

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीचा पदविकाधारक आहे. अनेक वर्षे कंत्राटदारांकडे रस्ते, मोऱ्या आणि लहान पूल यांची कामे पाहत आलो आहे, पण हुद्दा साइट इंजिनिअरचाच राहिला. पदवी नाही आणि हुद्द्यात ‘मॅनेजर’ हा शब्द नाही, तरी मला अर्ज करता येईल का? शिवाय मधल्या एका कंत्राटदाराने व्यवसाय बंद केला आहे. त्याच्याकडील कामाला दुजोरा कोण देणार?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : अर्ज करता येईल. चार वर्षांची पदवी असलेल्यांना गेल्या आठ वर्षांतील ३६ महिन्यांचा आणि पदविका किंवा बारावीपर्यंतचे शिक्षण असलेल्यांना त्याच आठ वर्षांतील ६० महिन्यांचा प्रकल्प हाताळण्याचा अनुभव दाखवावा लागतो. त्याशिवाय प्रकल्प व्यवस्थापनाचे ३५ तासांचे प्रशिक्षण दोघांनाही आवश्यक आहे. हुद्द्याला संस्था महत्त्व देत नाही. कामाचे नियोजन कोणी केले, माणसे आणि साहित्य कोणी हलवले, वेळ आणि खर्च यांवर कोणाचे लक्ष होते आणि अडचण आल्यावर निर्णय कोणाच्या हातून झाला, हे पाहिले जाते. आपल्याकडील लहान कंत्राटांवर ही सगळी कामे बहुधा साइट इंजिनिअरच करतो, परंतु अर्ज लिहिताना तो ‘पुलाच्या कामावर देखरेख केली’ एवढ्या एका वाक्यात आटोपतो आणि आपल्याच अनुभवावर अन्याय करतो.

प्रत्येक प्रकल्पासाठी एक नेटका परिच्छेद लिहावा लागतो. त्यात प्रकल्पाचा उद्देश, आपली भूमिका, आपण स्वतः केलेली कामे आणि शेवटचे फलित यावे. उदाहरणार्थ, पावसाळ्यापूर्वी मोरीचा स्लॅब पूर्ण व्हावा म्हणून खडी आणि सळई यांच्या पुरवठ्याचे वेळापत्रक आपण बसवले असेल, ग्रामपंचायत आणि शेजारचे जमीनमालक यांच्याशी वळणरस्त्याविषयी बोलणी केली असतील, जादा कामाचा प्रस्ताव तयार करून खात्याकडून मंजूर करून घेतला असेल, मोजमाप पुस्तिकेतील नोंदींवरून प्रगतीचा अहवाल दिला असेल, तर ही सर्व प्रकल्प व्यवस्थापनाचीच कामे आहेत आणि ती त्याच स्पष्टपणे लिहावीत. दोन कामे एकाच वेळी चालू असतील तर ते महिने दोनदा धरता येत नाहीत. जून ते सप्टेंबर या काळात प्रत्यक्ष बांधकाम थांबलेले असले, तरी त्या काळात आपण पुढच्या हंगामाचे नियोजन, खरेदी किंवा बिलांची कामे पाहत असाल तर ते महिने धरावेत. नुसते हजेरीपटावर नाव असेल तर धरू नयेत. स्वतःच्या घराचे बांधकाम किंवा घरचे लग्नकार्य कितीही नीट पार पाडले असले तरी ते व्यावसायिक अनुभवात बसत नाही.

दुजोऱ्याविषयी : काही अर्ज पडताळणीसाठी (ऑडिटसाठी) निवडले जातात आणि मग कागदपत्रे सादर करण्यासाठी ९० दिवस मिळतात. मूळ वरिष्ठ उपलब्ध नसेल तर त्या कामाची जवळून माहिती असलेला सहकारी किंवा ग्राहकाच्या बाजूचा अधिकारीही दुजोरा देऊ शकतो. तेव्हा अर्ज पाठवण्याआधीच अशा प्रत्येक व्यक्तीला फोन करून, आपण काय लिहिले आहे ते वाचून दाखवून तिची संमती घ्यावी. निवृत्त झालेले किंवा बदलून गेलेले अधिकारी शोधण्यात आपल्याकडे महिना सहज जातो.

प्रश्न : मी बंदराशी संबंधित बांधकामांवर पंधरा वर्षे काम करतो आहे. पुस्तके वाचली, शिकवणी लावली, तरी सराव परीक्षेत निम्मीच उत्तरे बरोबर येतात. मला खटकते ते असे, की ‘बरोबर’ म्हणून दिलेले उत्तर प्रत्यक्ष साइटवर कोणीही देणार नाही. अनुभव असूनही मी मागे का पडतो?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आलेल्या पत्रांत हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देत आहे. ही परीक्षा माहिती फारशी विचारत नाही. ती एक प्रसंग सांगते आणि विचारते, की आता प्रथम काय कराल, यानंतर काय कराल, किंवा यांपैकी सर्वांत योग्य काय. चारही पर्याय अनेकदा करण्याजोगेच असतात. ठरवायचा असतो तो क्रम. पंधरा वर्षे साइटवर काढलेल्या माणसाचे मन थेट शेवटच्या पायरीवर जाते, कारण मधल्या पायऱ्या तो न बोलता, काही क्षणांत ओलांडत असतो. परीक्षेला त्या मधल्या पायऱ्याच हव्या असतात.

एक प्रसंग घेऊ. खाडीत प्रवासी धक्क्याचे काम चालू आहे. मच्छीमार सोसायटीचे लोक येऊन सांगतात, की पायलिंगच्या बार्जमुळे, म्हणजे पाण्यात खांब ठोकणारी यंत्रे असलेल्या तराफ्यामुळे, त्यांच्या होड्यांचा मार्ग अडतो आणि उद्यापासून ते काम होऊ देणार नाहीत. पर्याय असे आहेत : वरिष्ठांना कळवावे, पोलीस बंदोबस्त मागवावा, सोसायटीच्या प्रतिनिधींना भेटून त्यांची अडचण आणि तिचा कामावरील परिणाम समजून घ्यावा, बार्जची जागा बदलण्याचा आदेश द्यावा. अनुभवी माणूस चौथा पर्याय निवडेल, कारण शेवटी बार्जच हलवावा लागणार हे त्याला ठाऊक असते. परीक्षेचे उत्तर तिसरे आहे. अडचण नेमकी कुठल्या वेळेची आहे, भरतीच्या वेळेची की पहाटे होड्या बाहेर पडतात तेव्हाची, हे समजल्याशिवाय बार्ज हलवणे हा अंदाज आहे. कदाचित नुसती कामाची वेळ बदलून भागेल. आणि स्वतःच्या अधिकारात सुटणारी गोष्ट न हाताळता वरिष्ठांकडे ढकलणे ही परीक्षा जवळजवळ कधीच मान्य करत नाही.

दुसरी अडचण बदलांची. ग्राहकाचा अधिकारी साइटवर येतो आणि म्हणतो, की पायऱ्या दोन फूट रुंद करा, कागद नंतर पाहू. आपल्याकडे संबंध टिकवण्यासाठी काम तेथेच सुरू होते आणि पुढे बिल अडकते. परीक्षेत क्रम असा असतो : या बदलाचा वेळ, खर्च आणि गुणवत्ता यांवरील परिणाम तपासायचा, लेखी चेंज रिक्वेस्ट, म्हणजे बदलाची मागणी, करायची, ती बदल मंजूर करणाऱ्या मंडळापुढे ठेवायची, मंजुरीनंतर आराखडे सुधारायचे, संबंधितांना कळवायचे आणि मगच काम. हा क्रम अव्यवहार्य नाही. जादा कामाची बिले वर्षानुवर्षे का अडकतात, याचा आपण स्वतः विचार केलात तर त्यातील बहुतेक प्रकरणांत हीच पायरी सुटलेली दिसेल, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

तिसरी अडचण जोखमीची आहे आणि तेथे कोकणातील माणसाला स्वतःच्या अनुभवाचा मोठा उपयोग होऊ शकतो. जुलैत पाऊस पडणार ही जोखीम नव्हे. ती निश्चित गोष्ट आहे आणि तिची जागा वेळापत्रकाच्या कॅलेंडरमध्ये आहे. जोखीम म्हणजे अनिश्चित घटना : पाऊस मेच्या तिसऱ्या आठवड्यातच सुरू होणे, किंवा ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळासारखे आणि मे २०२१ मध्ये किनाऱ्यालगत गेलेल्या तौक्तेसारखे वादळ हंगामाच्या शेवटच्या दिवसांत येणे. ती घडण्याआधी रिस्क रजिस्टरमध्ये, म्हणजे जोखमींच्या नोंदवहीत, असते. घडल्यावर ती इश्यू, म्हणजे समोर उभी असलेली अडचण, होते आणि इश्यू लॉगमध्ये, म्हणजे अडचणींच्या नोंदवहीत, जाते. प्रश्नात वादळ ‘येण्याची शक्यता आहे’ असे म्हटले आहे की ‘आले आहे’ असे, यावरच उत्तर बदलते. बार्ज खाडीच्या आतल्या भागात आणून ठेवणे हे धोका कमी करणे, विमा उतरवणे हे तो दुसऱ्याकडे सोपवणे, सागरी काम १५ मेपूर्वीच संपेल असा आराखडा करणे हे तो टाळणे, आणि किरकोळ नुकसान सोसायची तयारी ठेवणे हे तो स्वीकारणे. राखीव रकमेचेही असेच आहे. कोकण रेल्वेच्या ७४१ किलोमीटर मार्गाचे काम १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाल्यावर सुरू झाले आणि जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला; गोव्यातील पेडणे येथील बोगद्यात मऊ मातीने या कामाची फार परीक्षा पाहिली. बोगद्यात माती खराब लागू शकते हे आधी ओळखलेले असेल तर त्यासाठीची रक्कम कंटिन्जन्सी रिझर्व्हमधून येते आणि ती वापरण्याचा अधिकार प्रकल्प व्यवस्थापकाकडे असतो. कोणाच्याही ध्यानीमनी नसलेल्या गोष्टीसाठी मॅनेजमेंट रिझर्व्ह असतो आणि त्याला वरची मंजुरी लागते. हे दोन वाक्यांत समजते, पण स्वतःच्या एका जुन्या कामावर लावून पाहिल्याशिवाय पक्के होत नाही.

म्हणून माझा सल्ला असा : पुढचा एक महिना नवी सराव परीक्षा देऊ नका. दिलेल्या परीक्षांतील चुकलेले प्रश्न घ्या आणि प्रत्येकाखाली आपण निवडलेला पर्याय कोणत्या पायरीवर योग्य ठरला असता ते वहीत एका वाक्यात लिहा. आपली बहुतेक उत्तरे चुकीची नसून एक-दोन पायऱ्या पुढची आहेत, हे आपल्याला लवकरच दिसेल.

प्रश्न : मी एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी गावातील घरूनच काम करते. स्प्रिंट (कामाचा ठरावीक छोटा टप्पा), बॅकलॉग (करायच्या कामांची यादी), रोजची स्टँड-अप (टीमची छोटी बैठक) हे माझे नेहमीचे काम आहे, पण अर्न्ड व्हॅल्यू (अर्जित मूल्य, म्हणजे झालेल्या कामाचे मूल्य) आणि क्रिटिकल पाथ (कामांच्या जाळ्यातील सर्वांत लांब वाट) यांची भीती वाटते. परीक्षेत त्यांचे प्रमाण किती असते आणि वाचायचे काय?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : या रूपरेषेत माणसे, प्रक्रिया आणि व्यावसायिक वातावरण अशी तीन क्षेत्रे असून त्यांचे प्रमाण अनुक्रमे ४२, ५० आणि ८ टक्के आहे, नव्या रूपरेषेत तिसऱ्याचा वाटा बराच वाढवलेला आहे. सुमारे निम्मे प्रश्न आधी आखून करायच्या पारंपरिक पद्धतीचे आणि निम्मे अजाईल, म्हणजे छोट्या टप्प्यांत बदल सामावत काम करण्याच्या पद्धतीचे, किंवा दोहोंच्या मिश्रणाचे असतात. म्हणजे निम्मा पेपर आपल्या रोजच्या कामाचा आहे. पत्रे पाठवणाऱ्या बांधकाम क्षेत्रातील वाचकांची अडचण नेमकी उलट आहे : स्क्रम मास्टरने, म्हणजे टीमला अजाईल पद्धत पाळायला मदत करणाऱ्याने, टीमला कामे वाटून द्यायची नसतात आणि स्प्रिंटच्या मध्यात आलेली नवी मागणी, काय बनवायचे ते ठरवणाऱ्या प्रॉडक्ट ओनरकडे, बॅकलॉगमध्ये जाते, हे त्यांना पचवावे लागते.

अर्न्ड व्हॅल्यूची भीती एका उदाहरणाने जाईल. पर्यटकांसाठी साकव बांधण्याचे ६० लाखांचे काम आहे. जानेवारीअखेर ४० टक्के काम व्हायचे ठरले होते, म्हणजे नियोजित मूल्य २४ लाख. प्रत्यक्षात ३० टक्के झाले, म्हणजे अर्जित मूल्य १८ लाख. खर्च मात्र २० लाख झाला. अर्जित मूल्याला खर्चाने भागले की खर्चाचा निर्देशांक ०.९ येतो आणि नियोजित मूल्याने भागले की वेळापत्रकाचा निर्देशांक ०.७५. दोन्ही एकापेक्षा कमी, म्हणजे काम महागही पडते आहे आणि मागेही आहे. हाच कल राहिला तर ६० लाखांना ०.९ ने भागून सुमारे ६६ लाख ६७ हजार रुपयांत काम पुरे होईल. हल्लीच्या पेपरात अशी गणिते थोडीच असतात. आकडे दिलेले असतात आणि त्यांचा अर्थ व पुढची कृती विचारली जाते. किती बिल निघाले हा आकडा अर्जित मूल्य नव्हे, एवढे पक्के लक्षात ठेवा. क्रिटिकल पाथसाठी आठ-दहा कामांचे जाळे काढून त्यातील सर्वांत लांब वाट आणि इतर कामांतील सवड हाताने मोजण्याचा सराव पुरेसा आहे.

वाचनाबाबत, पहिले वाचन परीक्षेच्या रूपरेषेचे असावे. तिच्यातील प्रत्येक कार्याशेजारी आपण ते कधी केले आहे ते लिहावे. पीएमबोक, म्हणजे प्रकल्प व्यवस्थापनाविषयीची संस्थेची मुख्य मार्गदर्शिका, हिची २०१७ ची सहावी आवृत्ती ४९ प्रक्रियांवर उभी होती, तर २०२१ च्या सातव्या आवृत्तीने १२ तत्त्वे आणि ८ कार्यक्षेत्रे मांडली. कोणतीही आवृत्ती पाठ करू नये. संस्थेची २०१७ ची अजाईल प्रॅक्टिस गाइड मात्र आकाराने लहान असून ती शब्दशः वाचण्याजोगी आहे. सदस्यांना पीएमबोकची डिजिटल प्रत मिळते आणि परीक्षा शुल्कातही सवलत असते; म्हणून आधी सदस्यत्व घेऊन मग शुल्क भरावे.

प्रश्न : यंदा अभियांत्रिकीची पदवी मिळाली. मुंबईत नोकरी शोधण्यापूर्वी पीएमपी करावी का?
— एक वाचक, लांजा

उत्तर : आपल्याला ती आज करताच येणार नाही, कारण ३६ महिन्यांचा अनुभव नाही. याच संस्थेची कॅपम ही प्राथमिक परीक्षा २३ तासांच्या प्रशिक्षणानंतर देता येते. तिला अनुभवाची अट नाही, १५० प्रश्न आणि तीन तास असतात. ती द्यायची असेल तर द्यावी, पण मला विचाराल तर आधी कामाला लागावे. पहिल्या दिवसापासून आपण कोणत्या प्रकल्पावर, कोणत्या तारखांना, काय सांभाळले याची वही ठेवली, तर तीन वर्षांनी अर्ज एका संध्याकाळी लिहून होईल.

प्रश्न : ‘खऱ्या परीक्षेतील प्रश्न, पास होण्याची खात्री’ असे सांगून काही लोक प्रश्नसंच विकतात. घ्यावेत का?
— एक वाचक, महाड

उत्तर : घेऊ नयेत. परीक्षेतील प्रश्न गुप्त ठेवण्याच्या अटीवर प्रत्येक उमेदवार सही करतो. ते विकणे आणि विकत घेणे दोन्ही फसवणूक आहे आणि उघडकीस आल्यास प्रमाणपत्र रद्द होते. संस्थेच्या आचारसंहितेतील चार मूल्ये जबाबदारी, आदर, निष्पक्षता आणि प्रामाणिकपणा ही आहेत आणि परीक्षेतील अनेक प्रसंग त्यांच्यावरच बेतलेले असतात. शिवाय अशा संचांतील उत्तरे बहुधा चुकीची असतात, त्यामुळे मेहनती उमेदवाराची विचार करण्याची पद्धतच बिघडते.

प्रश्न : परीक्षा घरून देता येते असे कळले. प्रवास वाचेल म्हणून ती घरूनच द्यावी का? आणि वर्षातील कोणता काळ बरा?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : घरून देता येते, पण कोकणातील गावातून ती देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. १८० प्रश्नांसाठी २३० मिनिटे असतात आणि मध्ये दहा-दहा मिनिटांच्या दोन विश्रांती, म्हणजे चार तासांहून अधिक काळ वीज आणि इंटरनेट अखंड हवे. खोलीत दुसरे कोणी येऊन चालत नाही, कागद-पेन वापरता येत नाही आणि निरीक्षक कॅमेऱ्यातून सतत पाहत असतो. माणसांनी भरलेल्या घरात, जेथे पहिल्या वाऱ्याला वीज जाते, तेथे एवढी जोखीम घेण्यापेक्षा मुंबई किंवा पुणे येथील केंद्रावर आदल्या दिवशी मुक्कामाला जावे. ओळखपत्रावरील आणि अर्जातील नाव अक्षरशः एक असावे. वडिलांचे किंवा पतीचे नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरून उमेदवाराला परत पाठवले जाऊ शकते.

काळाविषयी, बांधकाम आणि बंदरांशी निगडित असलेल्यांनी पावसाळा अभ्यासासाठी राखावा. ऑक्टोबरपासून मेपर्यंत कामाचा हंगाम असतो आणि तेव्हा रोज दोन तास निघत नाहीत. जूनच्या आरंभी अर्ज मंजूर करून घ्यावा, जून आणि जुलैमध्ये वाचन पुरे करावे, ऑगस्टमध्ये प्रश्नांचा सराव करावा. गणपतीचे दिवस आराखड्यातून आधीच वगळावेत, कारण त्या दिवसांत अभ्यास होत नाही आणि तो व्हावा अशी अपेक्षा ठेवणेही योग्य नाही. मग पूर्ण लांबीच्या दोन-तीन सराव परीक्षा देऊन ऑक्टोबरच्या शेवटी परीक्षा द्यावी. तोवर दरडींची भीतीही ओसरलेली असते.

सराव परीक्षा एका बैठकीत, साठ-साठ प्रश्नांचे तीन भाग पाडून द्यावी, कारण प्रत्यक्षात विश्रांती साठाव्या आणि एकशे विसाव्या प्रश्नानंतर मिळते आणि ती घेतल्यावर मागच्या भागातील उत्तरे पुन्हा पाहता येत नाहीत. एका प्रश्नाला सुमारे ७७ सेकंद पडतात. मराठी माध्यमातून आलेल्या उमेदवारांनी आधी प्रश्नाचे शेवटचे वाक्य वाचावे आणि मग प्रसंग वाचावा; लांबलचक इंग्रजी परिच्छेदातील अर्धा मजकूर उत्तरासाठी लागतच नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नये.

प्रश्न : माझ्या पहिल्या प्रयत्नात अपयश आले. किती गुणांनी गेलो तेही कळले नाही. पुन्हा लगेच अर्ज करावा का?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : उत्तीर्ण होण्यासाठी किती गुण लागतात ते संस्था जाहीर करत नाही, पण निकालपत्रात प्रत्येक क्षेत्रातील आपली कामगिरी चार श्रेणींत दिलेली असते : अपेक्षेहून वर, अपेक्षेइतकी, अपेक्षेहून खाली आणि सुधारणा आवश्यक. अर्ज मंजूर झाल्यावर मिळणाऱ्या पात्रतेच्या एका वर्षात तीन वेळा परीक्षा देता येते, म्हणून घाई करण्याचे कारण नाही. माणसे या क्षेत्रात श्रेणी खाली असेल तर पुस्तकांचे आणखी वाचन उपयोगी पडणार नाही. वाद, नाराजी, टीममधील मतभेद आणि अवघड स्टेकहोल्डर, म्हणजे प्रकल्पाशी हितसंबंध असलेली माणसे, यांवरचे प्रसंग सोडवून त्यांची चर्चा कोणाशी तरी मोठ्याने करावी लागेल. प्रक्रियेत खाली असेल तर बदल, जोखीम आणि खरेदी या तीन विषयांपासून सुरुवात करावी. पहिल्या पेपरातील प्रश्न आठवून उतरवण्याच्या मागे लागू नये; ते नियमांत बसत नाही आणि पुन्हा तेच प्रश्न येतही नाहीत. आपल्या पात्रतेचे वर्ष कोणत्या तारखेला संपते ते आजच पाहून घ्यावे आणि तिसऱ्या प्रयत्नाला जागा उरेल अशा बेताने दुसऱ्याची तारीख घ्यावी. मधल्या काळात रूपरेषा बदलणार असेल तर बदलाच्या आधीची तारीख मिळते का तेही पाहावे.